रिपोर्ट ‘नॉर्मल’, मग गर्भ का टिकत नाही? वडिलांकडे उशिरा वळलेल्या संशोधनाची गोष्ट

१९५१ साली जॉन मॅक्लाउड आणि रूथ गोल्ड या दोघांनी न्यूयॉर्कमध्ये केलेली एक मोठी मोजणी प्रसिद्ध केली. एका बाजूला एक हजार पुरुष, ज्यांच्या बायका तेव्हा गरोदर होत्या. दुसऱ्या बाजूला मूल होत नाही म्हणून डॉक्टरांकडे आलेल्या जोडप्यांतले एक हजार पुरुष. दोन्हीकडचे वीर्याचे नमुने घेतले, शुक्राणू मोजले आणि आकडे शेजारी शेजारी मांडले. एका मिलिलिटरमध्ये दोन कोटींपेक्षा कमी शुक्राणू असलेले पुरुष पहिल्या गटात ५ टक्के निघाले, दुसऱ्या गटात १६ टक्के. ‘दोन कोटी’ ही रेघ इथून जगभरच्या लॅबमध्ये गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेतही ती १९८० पासून २०१० पर्यंत टिकून होती.

आता एक प्रश्न विचारते. ज्या जोडप्यात दिवस राहतात, पण दोनदा, तीनदा, चारदा गर्भ गळून जातो, त्यातला नवरा या दोन हजारांत कुठे बसतो?

पहिल्या गटात. बायकोला दिवस गेलेत, म्हणजे हा प्रजननक्षम. पुढे दोन महिन्यांनी त्या गर्भाचं काय झालं, हा त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे असा पुरुष ‘नॉर्मल’ची व्याख्या ठरवणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. मग त्याच व्याख्येने त्याला तपासलं, की रिपोर्ट अर्थातच नॉर्मल येतो.

वारंवार होणाऱ्या गर्भपातात वडिलांचा विचार इतका उशिरा का झाला, याचं उत्तर बहुतेक जण ‘समाज बाईलाच दोष देतो’ असं देतात. ते खरंच आहे. आपल्या भाषेतच बघा: वांझ बाई असते. त्या अर्थाचा पुरुषासाठीचा शब्द सहज ओठांवर येत नाही. आपण ‘तिचा गर्भ टिकत नाही’ म्हणतो, ‘त्यांचा’ म्हणत नाही. इंग्रजीतही वेगळं नाही. वैद्यकीय शोधनिबंधांच्या सूचीत या विषयाचं अधिकृत शीर्षक ‘हॅबिच्युअल अबॉर्शन’ असं होतं, म्हणजे सवयीचा गर्भपात. सवय कुणाची, हे वेगळं सांगायला नको. (जुने शोधनिबंध शोधताना हाच शब्द टाका, नाहीतर अर्धं साहित्य हाती लागणार नाही.) पण माझं म्हणणं असं, की हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर अभ्यासांच्या रचनेत आहे, आणि संशोधनात येऊ बघणाऱ्यांनी ते जास्त बारकाईने पाहायला हवं. कारण समाजाचा पूर्वग्रह नसलेला माणूससुद्धा मॅक्लाउड-गोल्डची व्याख्या वापरेल, तर त्याला तेच उत्तर मिळेल.

गंमत म्हणजे सुरुवातीला परिस्थिती अगदी उलटी होती. १६७७ मध्ये लेव्हेनहूकने सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले आणि त्यानंतर काही काळ युरोपातल्या एका गटाला बापच सगळं काही वाटू लागला. १६९४ मध्ये हार्टसूकरने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या चिमुकल्या माणसाचं चित्र छापलं. आई म्हणजे फक्त जमीन. शेत-बियाण्याची ही उपमा आपल्याकडेही जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत गर्भासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशी चार अंगं सांगितली आहेत, शुक्रदोषांची यादीही आहे. मात्र त्यात डीएनए शोधायला जाऊ नये. तिथले प्रश्न वेगळे होते, ते त्यांच्या जागी वाचावेत.

१८२४ मध्ये प्रेव्हो आणि द्युमा यांनी गाळलेल्या वीर्याने बेडकाची अंडी फळत नाहीत हे दाखवून शुक्राणूची गरज पक्की केली. १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविगने समुद्री अर्चिनच्या अंड्यात दोन केंद्रकं एकत्र येताना पाहिली. इथे एक समजूत घट्ट झाली: शुक्राणू म्हणजे पोस्टमन. पाकीट दारात टाकलं की त्याचं काम संपलं. मग पोस्टमनची परीक्षा कशी घ्यायची? किती आहेत, पळतात का, दिसतात कसे. १९२९ मध्ये मॅकोम्बर आणि सँडर्स यांनी बॉस्टनमधून सहा कोटींची रेघ सुचवली, मॅक्लाउड-गोल्ड यांनी ती खाली आणली. पण मोजायचं काय, ते बदललं नाही. पाकिटातलं पत्र फाटकं असू शकतं, हा विचार कुणाच्या यादीत नव्हता.

तिकडे गर्भपाताचा अभ्यास करणारे वेगळ्याच आकड्यात अडकले होते. १९३८ मध्ये पर्सी माल्पास या ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञांनी असं मांडलं, की सलग तीन गर्भपात झालेल्या बाईचा चौथाही गर्भपात होण्याची शक्यता ७३ टक्के आहे. १९४६ मध्ये अमेरिकेत ईस्टमन यांनी हा आकडा ८० च्या वर नेला. हे आकडे बायकांच्या मागे वर्षानुवर्षं राहून मोजलेले नव्हते. गर्भपाताचं एकूण प्रमाण इतकं, त्यात कायमच्या कारणाचा वाटा इतका, अशी गृहीतकं धरून कागदावर काढलेले होते. तरी ते पाठ्यपुस्तकात गेले.

त्याचा परिणाम काय झाला बघा. तीन गर्भपातांनंतर जेमतेम २७ टक्के बायकांचं बाळंतपण नीट होतं असं धरलं, तर तुमच्या औषधाने ७० टक्के बायकांना मूल झालं की तुम्ही देवमाणूस. डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, जीवनसत्त्वं, मानसोपचार, सगळ्यांनाच यश येत होतं. आणि १९६४ मध्ये मॉन्ट्रियलच्या डोरोथी वॉरबर्टन आणि क्लार्क फ्रेझर यांनी प्रत्यक्ष कुटुंबांच्या नोंदी तपासल्या, तर आधी गर्भपात झालेल्या बायकांमध्ये पुढच्या गर्भपाताची शक्यता साधारण २५ ते ३० टक्केच निघाली. म्हणजे काहीही न करता ७० टक्क्यांच्या आसपास यश मिळणारच होतं.

डीईएसचं पुढे काय झालं ते माहीत असेलच. १९५३ मध्ये शिकागोत डीकमन यांनी सुमारे १६०० गरोदर बायकांवर औषध विरुद्ध प्लासिबो अशी रीतसर चाचणी घेतली. फायदा शून्य. तरी डॉक्टर ते देत राहिले, आणि १९७१ मध्ये त्या मुलींच्या योनिमार्गात दुर्मीळ कॅन्सर दिसल्यावर अमेरिकेत गरोदरपणातला वापर थांबवायला सांगण्यात आलं. अठरा वर्षं! हा परिच्छेद विषयाला सोडून वाटेल, पण पुढचं समजायला तो लागतो. कारण वडील या गोष्टीत पहिल्यांदा ठळकपणे आले, ते याच सापळ्यातून.

ते आले रोगप्रतिकारशास्त्राच्या दारातून. १९५३ मध्ये पीटर मेडावर यांनी एक सुंदर प्रश्न विचारला होता: गर्भात अर्धा भाग बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला परका. दुसऱ्याची कातडी शरीर टाकून देतं, मग गर्भ का टाकत नाही? त्यावरून असं गृहीतक निघालं, की ज्या बाईचं शरीर नवऱ्याच्या पेशींना ‘ओळखून सांभाळून घेत’ नाही, तिचा गर्भ पडतो. उपाय काय, तर नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून बायकोला टोचायच्या. १९८५ मध्ये लंडनच्या मोब्रे यांनी ‘लॅन्सेट’मध्ये चाचणी छापली. नवऱ्याच्या पेशी मिळालेल्या २२ जणींपैकी १७ जणींची गर्भधारणा यशस्वी झाली. स्वतःच्याच पेशी टोचलेल्या २७ जणींपैकी फक्त १० जणींची. जगभर हा उपचार सुरू झाला, आपल्याकडेही आला.

१७ विरुद्ध १० ऐकायला छान वाटतं. पण गट किती छोटे आहेत! आणि तुलनेच्या गटातलं यश ३७ टक्के, म्हणजे वॉरबर्टन-फ्रेझरच्या अपेक्षेपेक्षा बरंच खाली. फरक दिसला तो उपचाराचा गट चमकल्यामुळे जितका, तितकाच कंट्रोल गट पडल्यामुळेही. १९९९ मध्ये कॅरोल ओबर आणि सहकाऱ्यांची मोठी चाचणी आली. ज्यांना दिवस राहिले त्यांच्यात नवऱ्याच्या पेशी मिळालेल्यांचं यश ४६ टक्के, नुसतं सलाइन मिळालेल्यांचं ६५ टक्के. उपचारच मागे पडला होता. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने संशोधनाबाहेर तो देऊ नये असं कळवलं. जर्नल क्लबमध्ये एकच जोडी वाचायची असेल, तर हे दोन निबंध शेजारी ठेवून वाचा.

म्हणजे ‘वडिलांकडे बघा’ एवढं म्हणून भागत नाही. इथे तर वडील आले, आणि तरी इंजेक्शन बायकोलाच!

खरी उकल ज्यांनी केली, त्यांतले बरेच जण गर्भपाताचं कारण शोधतच नव्हते. १९७७ मध्ये तादाशी काजी आणि कोसो ओहामा यांनी व्हेसिक्युलर मोलच्या पेशी तपासल्या. यात गर्भाशयात बाळ नसतं, द्राक्षांच्या घोसासारखी वार तेवढी वाढत राहते. गुणसूत्रांवरच्या बारीक खुणा आईवडिलांशी ताडून पाहिल्या, तर ४६ च्या ४६ गुणसूत्रं वडिलांची! आईचं एकही नाही. १९८४ मध्ये फिलाडेल्फियात मॅकग्रा आणि सोल्टर यांनी आणि केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांच्या गटाने उंदराच्या फलित अंड्यातली केंद्रकं बदलून पाहिली. दोन्ही केंद्रकं आईकडची असतील तर गर्भ बराच वाढतो, पण वार नीट होत नाही. दोन्ही वडिलांकडची असतील तर वारेच्या पेशी वाढतात, गर्भ खुरटतो. जनुकांचा संच तोच, पण कुठल्या पालकाकडून आला याची खूण त्यावर असते. यालाच इम्प्रिंटिंग म्हणतात. गर्भपाताच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा होता. वार, म्हणजे गर्भ टिकवणारा अवयव, घडवण्यात वडिलांच्या जनुकांचा वाटा भक्कम आहे. पोस्टमनच्या पत्रात पुढच्या महिन्यांच्या सूचना होत्या.

याच सुमाराला पत्राचा कागद तपासायची पद्धतही आली. न्यूयॉर्कच्या कॅन्सर संस्थेत डोनाल्ड इव्हेन्सन फ्लो सायटोमीटरवर काम करत होते. १९८० मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की शुक्राणूंना उष्णता देऊन अ‍ॅक्रिडिन ऑरेंज रंग लावला, की धड डीएनए हिरवा चमकतो आणि सुटून एकपदरी झालेला लाल. कमी प्रजननक्षम वळूंमध्ये आणि पुरुषांमध्ये लाल जास्त. नंतर कॉमेट, टनेल अशा आणखी चाचण्या आल्या.

यातला एक धागा परळचा आहे, आणि मराठी वाचकांना तो क्वचितच सांगितला जातो. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत (आता नावात बाल आरोग्यही आहे) पुरुषांच्या गर्भनिरोधकाच्या शोधात नर उंदरांना टॅमॉक्सिफेन देऊन पाहत होते. औषध फक्त नराला. मादीला काहीच नाही. नर समागम करत, माद्यांना गर्भ राहत, पण रुजलेले गर्भ पुढे मोठ्या प्रमाणात नाहीसे होत. गर्भनिरोधक शोधणाऱ्याला हा निकाल निरुपयोगी वाटून बाजूला टाकता आला असता. नफिसा बालासिनोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच धरून ठेवला. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं, की अशा नरांच्या शुक्राणूंत आयजीएफ-२ आणि एच-१९ या जनुकांच्या पट्ट्यावरच्या मिथाइल खुणा कमी झालेल्या असतात, आणि त्याचा गर्भ गळण्याशी संबंध दिसतो. हा इम्प्रिंटिंगचाच पट्टा. गर्भ आणि वार यांच्या वाढीसाठी महत्त्वाचा.

मग ते माणसाकडे वळले. २०१२ चा त्यांचा निबंध कारण न सापडलेल्या वारंवार गर्भपातांच्या जोडप्यांतल्या पुरुषांवर आहे. एच-१९ पट्ट्यावर बिघाड दिसला. शीर्षकातच एक शब्द आहे, नॉर्मोझूस्पर्मिक. म्हणजे संख्या, हालचाल, आकार सगळं नॉर्मल असलेले पुरुष. मॅक्लाउड-गोल्डच्या पहिल्या रांगेतले.

दोष इतका उशिरा का दिसतो, हेही आता बऱ्यापैकी कळतं. गर्भ पहिले दोन-तीन दिवस आईने अंड्यात भरून ठेवलेल्या शिदोरीवर चालतो. माणसात चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर गर्भाची स्वतःची जनुकं कामाला लागतात, आणि वडिलांकडचा मजकूर तेव्हा कुठे वाचला जातो. शिवाय शुक्राणूला स्वतःचा तुटलेला डीएनए दुरुस्त करता येत नाही. त्याने पेशीतलं बहुतेक सामान टाकून दिलेलं असतं, डीएनए प्रोटामिनवर आवळून बांधलेला असतो. दुरुस्ती अंडं करतं. अंड्याचं वय वाढलं की ती ताकद घटते. म्हणूनच वडिलांचा दोष आईच्या वयापासून सुटा करून मोजणं अवघड जातं.

इथे थोडं सावध करते, कारण या विषयावर नवीन उत्साह फार आहे. पहिल्या तिमाहीत गळणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते, आणि ट्रायसोमींपैकी बहुतेक चुका अंडं तयार होताना होतात. हे नाकारून चालणार नाही. मात्र ४५-एक्स या प्रकारात बहुतेक वेळा हरवलेलं गुणसूत्र वडिलांकडचं असतं, आणि तीन संच असलेल्या गर्भांपैकी बरेच दोन शुक्राणू शिरल्याने होतात. आईवडिलांपैकी एकात समतोल ट्रान्सलोकेशन असलेली जोडपी ३ ते ५ टक्के भरतात, म्हणून कॅरिओटाइप दोघांचा करतात. २०१२ मध्ये रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी १६ अभ्यासांतली २९६९ जोडपी एकत्र केली. डीएनए जास्त तुटलेला असेल तर गर्भपाताची जोखीम २.१६ पट निघाली. आकडा बोलका आहे, पण त्या १६ अभ्यासांत चाचण्या वेगवेगळ्या आणि ‘जास्त’ची रेघही प्रत्येकाची वेगळी. त्यातली बरीच जोडपी आयव्हीएफ-इक्सीची होती, आपोआप दिवस राहून गर्भ गमावणारी नव्हे. उपचाराची बाजू तर अजून लंगडी आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॉक्सी’ या अमेरिकन चाचणीत वंध्यत्वाच्या जोडप्यांतल्या पुरुषांना अँटिऑक्सिडंट गोळ्या दिल्या, तर डीएनए तुटण्याच्या प्रमाणात प्लासिबोच्या तुलनेत सुधारणा झाली नाही. औषधाच्या दुकानात त्या गोळ्या खपतातच.

तुमच्यापैकी कुणी या विषयावर प्रस्ताव लिहिणार असेल, तर माझा जीव अडकतो तो कंट्रोल गटात. बहुतेक जण ‘निरोगी, नॉर्मल वीर्य अहवाल असलेले पुरुष’ असं लिहून मोकळे होतात. म्हणजे पुन्हा तीच जुनी रांग. त्यात ज्यांच्या जोडीदाराचा गर्भ गळला होता पण कुणी विचारलं नाही, असे पुरुष सहज मिसळतात आणि फरक पुसट होतो. कंट्रोल म्हणून निदान एक जिवंत मूल असलेले, आणि जोडीदाराचा एकही गर्भपात न झालेले पुरुष घ्या. जोडीदाराचं वय जुळवा. गर्भपात दोन धरले की तीन, ते स्पष्ट लिहा. युरोपियन सोसायटी दोन धरते, ब्रिटनचं रॉयल कॉलेज तीन. नमुन्याआधी किती दिवस वीर्यस्खलन टाळलं होतं ते नोंदवा, त्याने डीएनएचा आकडा हलतो. शक्य असेल तर गळालेल्या ऊतीचं गुणसूत्र परीक्षण करा. ते नसेल, तर अंड्याच्या चुकीने गेलेला गर्भही वडिलांच्या खात्यात पडेल.

मार्गदर्शक सूचना हळूहळू सरकताहेत. युरोपियन सोसायटीने २०१७ मध्ये शुक्राणूंच्या डीएनएची चाचणी फक्त कारण समजावून सांगण्यापुरती मान्य केली होती. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत ती निदानासाठी विचारात घेता येईल असं म्हटलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत हीच चाचणी ‘विस्तारित तपासणी’ या प्रकरणात आहे. मूळ तपासणीत अजूनही संख्या, हालचाल आणि आकारच आहेत. त्यांची संदर्भमूल्यं आजही अशाच पुरुषांवरून काढलेली आहेत, ज्यांच्या जोडीदाराला बारा महिन्यांच्या आत दिवस राहिले.